नऊ ठिकाणी लिहिलेलं एक नाव

या आठवड्याचं पत्र:

‘मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंग, वय 31. एका उपजिल्हा रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स आहे, सात वर्षं लेबर रूमलाच. पुढे शिकायचं मनात आहे. इनचार्ज सिस्टर म्हणतात, ऑब्स्टेट्रिक्समध्ये, म्हणजे प्रसूतिशास्त्रात, एम.एस्सी. कर. धाकटे दीर हिंजवडीला आयटीत आहेत. ते म्हणतात, “वहिनी, नर्सिंगमध्ये आता काही राहिलं नाही, बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये मास्टर्स करा, ऑस्ट्रेलियाला जाता येईल.” त्यांनी एका एजंटचा नंबरही दिलाय. मी स्वतः मिडवाइफरीच्या दीड वर्षाच्या कोर्सबद्दल ऐकलंय. खरं सांगते, बाळंतपणं करणं मला सोडवणार नाही; पण कॉम्प्युटरचं कामही आवडतं. आमच्याकडे पोर्टलची एन्ट्री मीच करते. एका बाईचं नाव मी नऊ ठिकाणी लिहिते आणि त्यातल्या दोन ठिकाणी तरी ते वेगळं पडतं, ते बघून जीव तुटतो. मुलगी पहिलीत आहे. मिस्टर प्राथमिक शिक्षक आहेत, त्यांचा पाठिंबा आहे. काय करू? मला अगंतुगं केलंत तरी चालेल.’

प्रिय सिस्टर,

अगंतुगंच करते. मी स्वतः आधी लेबर रूममध्ये आणि नंतर ट्यूटर म्हणून आयुष्य काढलं, त्यामुळे तुझं पत्र वाचताना वॉर्डातली फिनाइल आणि स्पिरिटचा वास येणारी रात्र पुन्हा समोर उभी राहिली. तुझ्या इनचार्ज, तुझे दीर आणि तू, तिघांनी तीन वाटा सांगितल्यात. पण माझं बोट अडकलं ते नऊ ठिकाणच्या नावावर. मी वही घेऊन मोजत बसले: केस पेपर, भरतीचं रजिस्टर, पार्टोग्राफ (कळा सुरू झाल्यापासून बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा आलेख), ‘लक्ष्य’ या लेबर रूम सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमाची चेकलिस्ट, लेबर रूमचं रजिस्टर, बाळाच्या हाताची पट्टी, माता-बाल संरक्षण कार्ड, जन्मनोंदणीचा फॉर्म, माता-बाल आरोग्याच्या नोंदींचं सरकारी आरसीएच पोर्टल. नऊ झाली. जननी सुरक्षा योजनेचे पैसे काढायचे तर दहा. एका ठिकाणी सुनीता, दुसऱ्या ठिकाणी सुनिता, बँकेच्या पासबुकावर माहेरचं आडनाव, आणि बाळंतपण होऊन महिने उलटले तरी त्या बाईच्या खात्यात पैसे नाहीत. हे तुला दिसतं आणि तुझा जीव तुटतो. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तू त्या ओळीतच देऊन ठेवलंयस.

उरलेलं अर्धं सांगण्याआधी माझी एक गोष्ट ऐक. मी नवी स्टाफ नर्स असताना रजिस्टरमध्ये ‘रक्तस्राव’ असा एक रकाना होता. पहाटे तीन-तीन बाळंतपणं उरकून आम्ही तो भरायला बसायचो. 250 मिली, 250 मिली, 250 मिली. फार वाटलं तर 300. एका रात्री एका बाईच्या नावापुढे मीच 300 लिहिलं. वार पूर्ण पडली होती, गर्भाशय कडक लागत होतं, बाळ दूध ओढत होतं. तासाभराने तिला पाणी द्यायला गेले, तर तळहात गार, ओठ पांढरे, अंगाखालची चादर भिजून गादीपर्यंत ओल गेलेली. जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या ठिकाणी नेली, रक्त मिळालं, ती वाचली. परत येऊन मी रजिस्टर उघडलं. 300 तसंच होतं. तो आकडा मी मोजलेला नव्हता, सवयीने लिहिला होता, आणि लिहिल्यावर मलाच तो खरा वाटला होता. म्हणून तासभर मी तिच्याकडे फिरकले नाही.

ही सवय माझी एकटीची नव्हती. आपल्या शेजारी बेळगावच्या डॉक्टरांनी बाळंतिणीच्या खाली अंथरायची एक साधी प्लास्टिकची पिशवी वापरून पाहिली. तळाला निमुळती होणारी, त्यावर मिलिलीटरच्या खुणा. 2006 साली त्यांनी मांडलेल्या तुलनेत नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला होता. पुढे अशाच खुणांच्या पिशवीवर केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांमध्ये मोठी चाचणी झाली. 2023 साली तिचा निकाल आला. जिथे पिशवी होती आणि रक्तस्राव दिसताच करायचे उपचार एकत्र, लगेच केले गेले (पोट चोळणं, गर्भाशय आकुंचनाचं औषध, रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी), तिथे गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी कमी झाले. नेहमीच्या पद्धतीत जास्त रक्तस्राव वेळेत ओळखला जायचा तो जेमतेम 51 टक्के वेळा. नव्या पद्धतीत 93 टक्के. औषधं जवळपास तीच होती. आकडा खरा झाला आणि तो दिसताच काय करायचं ते ठरलेलं होतं.

आता सांग, ही प्रसाविकेची, म्हणजे मिडवाइफची, विद्या झाली की माहिती-प्रणालीची?

पार्टोग्राफचंही तेच. तू रोज भरतेस (आणि कधीकधी बाळंतपण झाल्यावर भरतेस, हे मला ठाऊक आहे, रागावत नाही). तो कागद कुठून आला, माहीत आहे? 1972 मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी त्या वेळच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, त्या आलेखावर दोन रेघा मारल्या. लांबच्या दवाखान्यात डॉक्टर नसायचा, प्रसाविका एकटी असायची. बाईला पुढे पाठवायचं की थांबायचं, हे तिला वेळेत ठरवता यावं म्हणून एक इशाऱ्याची रेघ आणि तिच्या उजवीकडे चार तासांवर कृतीची रेघ. ठिपका रेघ ओलांडून गेला की गाडी बोलवायची. एका कागदावर सगळी परिस्थिती, आणि निर्णय त्या कागदातूनच उठून दिसतो. माझ्या मते आजवरच्या उत्तम माहिती-प्रणालींपैकी ती एक आहे आणि तिला वीजही लागत नाही. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या जागी नवा ‘लेबर केअर गाइड’ आणला. त्यात गर्भाशयाचं तोंड 4 ऐवजी 5 सेंटिमीटर उघडल्यावर सक्रिय अवस्था धरतात, ते तासाला एक सेंटिमीटर उघडायलाच हवं हा सरसकट हट्ट सोडलाय आणि बाईजवळ सोबतीण आहे का, ती कोणत्या स्थितीत आहे, पाणी पितेय का, यांनाही रकाने दिलेत. रकाना आला की सिस्टरची नजर तिकडे जाते. फॉर्म कसा आखलाय त्यावर बाळंतिणीकडे कोण कसं बघणार हे ठरतं, हे तू सात वर्षांत अंगावर घेतलंयस.

म्हणून दिरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये शिकवतात काय? काम कुठून कुठे जातं ते कागदावर उतरवायचं, त्यातली दुबार पावलं शोधायची, डेटाबेस आखायचा, संस्थेच्या गरजेतून सॉफ्टवेअर काय हवं ते लिहून काढायचं, प्रकल्प सांभाळायचा, माहिती कुणी पाहायची आणि कुणी नाही ते ठरवायचं. तुझी नऊ ठिकाणं म्हणजे पहिल्याच सेमिस्टरला देण्याजोगं उदाहरण आहे. आणि देशात हे काम आज निघालेलं आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 2021 मध्ये देशभर सुरू झालं. त्यातल्या ‘आभा’ या 14 आकडी आरोग्य-ओळख क्रमांकाचा हेतूच हा की सुनीता आणि सुनिता ही एकच बाई आहे, हे यंत्रणेला कळावं. रुग्णनोंदींच्या मानकांसाठीचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. तिथे आणि दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांमध्ये संगणकाची माणसं भरपूर मिळतील. वार पडायला किती वेळ लागला हा रकाना का हवा आणि तो पहाटे चार वाजता, हातात ग्लोव्हज असताना कोण भरणार, हे सांगू शकणारी माणसं फार थोडी असतात.

पण ती किंमत तुला येते लेबर रूममुळे. ते सोडून नुसती दुसरी पदवी घेतलीस, तर तू हजारांतली एक नवखी विश्लेषक होशील, तीही 33व्या वर्षी आणि डोक्यावर कर्ज घेऊन.

ऑस्ट्रेलियाबद्दल स्पष्टच लिहिते, कारण एजंट लिहिणार नाही. मेलबर्नच्या मोनॅशसारख्या विद्यापीठात या नावाची पदव्युत्तर पदवी आहे आणि ती चांगली असेलही. पण त्या पदवीने तुला तिकडे नर्स म्हणून काम करता येणार नाही. तिथे नर्स आणि मिडवाइफ या दोन वेगळ्या नोंदण्या आहेत. इंग्लंडमध्येही तसंच. आपल्याकडे नर्सिंग कौन्सिल एकाच दमात ‘नर्स आणि मिडवाइफ’ अशी नोंद करतं, म्हणून आपल्या मुलींना वाटतं की दोन्ही बरोबर घेऊन जाता येईल. तसं होत नाही. शिवाय परदेशातल्या ‘एम.एस्सी. मिडवाइफरी’ या एकाच नावाखाली दोन जातीचे कोर्स असतात: एकातून नोंदणीची पात्रता मिळते, दुसरा आधीच नोंदणी असलेल्या मिडवाइफसाठी पुढचा अभ्यास असतो. दुसऱ्या जातीचा घेतलास तर हातात पदवी राहील आणि लेबर रूमचं दार बंद राहील. एजंटला एकच प्रश्न विचार आणि उत्तर लेखी माग: ‘हा कोर्स संपल्यावर मी कोणत्या कौन्सिलकडे, कोणत्या नावाने नोंदणी करू शकेन?’ मग ते उत्तर त्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून बघ. तोवर एक रुपयाही भरू नकोस.

आता दीड वर्षाचा कोर्स. तू ऐकलंयस तो ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’. केंद्राने 2018 च्या डिसेंबरात मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यातून तो देशभर पुढे आला. तेलंगणाने त्याच्याही आधी, 2017 मध्ये, करीमनगरपासून सुरुवात केली होती. तिथे निकडही मोठी होती. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातली 60.7 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात, देशाची सरासरी 21.5 असताना. या कोर्समधली बाई प्रसूतितज्ज्ञाची मदतनीस म्हणून उभी राहत नाही. जोखीम कमी असलेलं बाळंतपण ती स्वतःच्या जबाबदारीवर, मिडवाइफच्या देखरेखीखालच्या कक्षात करते: बाईला हिंडूफिरू देते, उकिडवं किंवा कुशीवर होऊ देते, सरसकट छेद देऊन टाके घालत नाही, घरची बाई जवळ बसू देते, आणि गुंतागुंत दिसली की डॉक्टरांकडे सोपवते. मी तरुण असते तर डोळे मिटून गेले असते. तुझं पत्र वाचताना माझं मन तिकडेच ओढ घेत होतं, हे लपवत नाही.

पण तुझ्या परिस्थितीत दोन गोष्टी बघाव्या लागतील. एक, ही पदव्युत्तर पदवी नाही, पोस्ट-बेसिक डिप्लोमा आहे. पुढे कुठे ‘मास्टर्स’ विचारलं तर तो चालणार नाही. दोन, त्याची खरी किंमत पदावर अवलंबून आहे. शिकून आल्यावर तुला मिडवाइफ म्हणून त्या कक्षात नेमलं तर तुझं आयुष्य बदलेल. नेमलं नाही, तर तू पुन्हा त्याच ड्युटी रोस्टरमध्ये येशील, आज लेबर रूम, उद्या सर्जिकल वॉर्ड, परवा लसीकरण. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात अर्ज देऊन विचार: कंत्राटी परिचारिकेला पाठवतात का, त्या काळात मानधन मिळतं का, परतल्यावर नेमणूक कुठे. तिन्हींची समाधानकारक उत्तरं आली तर माझा पुढचा सल्ला बाजूला ठेव आणि जा.

तशी उत्तरं आली नाहीत, तर एम.एस्सी. कर. तुझ्या इनचार्ज सिस्टर बरोबर सांगतायत, भले त्यांच्या मनातलं कारण वेगळं असेल. बी.एस्सी.ला 55 टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो. तुझा अनुभव त्याच्या सातपट आहे. दोन वर्षांचा, पूर्णवेळ कोर्स. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेल्या सरकारी आणि खासगी कॉलेजांत जागा असतात, मुंबईत एसएनडीटीच्या लीलाबाई ठाकरसी कॉलेजमध्येही हा अभ्यासक्रम आहे. सरकारी जागेसाठी जीव तोडून प्रयत्न कर, कारण खासगी कॉलेजची दोन वर्षांची फी आणि बुडणारं मानधन यांची बेरीज शिक्षकाच्या पगारात बसवताना घर दमतं. कॉलेज घेताना इमारत पाहू नकोस. तिथल्या प्रसूतिगृहात महिन्याला किती बाळंतपणं होतात आणि एम.एस्सी.च्या मुलींना तिथे हात लावू देतात की नुसत्या फायली लिहायला लावतात, हे तिथे शिकणाऱ्या मुलींना चहाला बोलवून विचार.

लोक म्हणतील, एम.एस्सी. म्हणजे मास्तरकी. बऱ्याच जणी तिकडे जातात हे खरं. पण अभ्यासक्रमात नर्सिंग रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स आहे, नर्सिंग मॅनेजमेंट आहे आणि शोधप्रबंध सक्तीचा आहे. तो प्रबंधच तुझ्या दोन आवडींना एकत्र बांधेल. ‘गरोदर मातांच्या ज्ञानावर माहितीपुस्तिकेचा परिणाम’ असले विषय मी गाईड म्हणून इतके तपासलेत की आता नाव वाचलं तरी थकते. तू तो रस्ता धरू नकोस. तुझ्याकडे विषय तयार आहे. लेबर रूमच्या एका वर्षाच्या रजिस्टरमधल्या जन्मवेळा घे. खऱ्या वेळा असतील तर मिनिटांचा शेवटचा आकडा 0 ते 9 यांत साधारण सारखा पसरेल. तुला दिसेल की बाळं 10 वाजता, सव्वादहाला, साडेदहाला जन्मतायत आणि 10 वाजून 7 मिनिटांनी सहसा कुणी जन्मत नाही. रक्तदाब बघ, 120/80 आणि 110/70 यांच्या रांगा लागलेल्या असतील. पार्टोग्राफमधले ठिपके बघ, ते किती सरळ, किती देखणे आहेत. मग नऊपैकी निदान चार ठिकाणच्या नोंदी ताडून बघ आणि कुठे, कोणत्या पाळीला, किती बाळंतपणांच्या गर्दीत त्या फाटतात ते मांड. नैतिक समितीची परवानगी घे, बायकांची नावं काढून टाक, आणि कुठल्याही सिस्टरला चोर ठरवू नकोस. 250 लिहिणारी मुलगी आळशी नसते. तिच्याकडे त्या वेळी तीन टेबलं असतात आणि पेन एकच असतं.

असा प्रबंध हातात असलेली, स्वतः बाळंतपणं केलेली एम.एस्सी. बाई आरोग्यसेवेच्या संगणक विभागात, एखाद्या संस्थेच्या गुणवत्ता-कक्षात, किंवा टिससारख्या (टाटा समाजविज्ञान संस्था) ठिकाणी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनच्या वर्गात गेली तर तिला कुणी नवखी म्हणणार नाही. प्रणालीचं शिक्षण त्यानंतर घे, नोकरी करता करता, छोट्या तुकड्यांत. ते घरबसल्या, रात्री, चुकत-माकत शिकता येतं आणि चुकलं तर कुणाचा जीव जात नाही. बाळाचा अडलेला खांदा सोडवायला मात्र माणसाशेजारी उभं राहूनच शिकावं लागतं, आणि ते शिकायची तुझी वर्षं आत्ता आहेत.

मुलीचं. पहिलीतलं पोर दोन वर्षं आई अभ्यास करताना बघेल, त्याने काही बिघडत नाही. पण कॉलेज दुसऱ्या गावी मिळालं, तर तिला कुठे ठेवायचं हे प्रवेशाच्या आदल्या रात्री ठरवू नका. आणि मिस्टरांचा पाठिंबा आहे म्हणतेस, तर शनिवारचा स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, कोण काय करणार ते आत्ताच बोलून घ्या. पाठिंबा असलेल्या घरांतही शिकणाऱ्या बाईच्या परीक्षेच्या आठवड्यात पाहुणे येतात. कंत्राट सोडण्याआधी करारपत्र पूर्ण वाच: अभ्यासरजा आहे का, नोटीस किती दिवसांची, अनुभवाचा दाखला कोण देणार. दाखल्यावर ‘लेबर रूम’ हे शब्द आणि तारखा स्पष्ट लिहून घे. नुसतं ‘स्टाफ नर्स’ लिहिलेल्या दाखल्यामुळे माझ्या एका विद्यार्थिनीचं एक वर्ष गेलं.

आणि दिरांशी भांडू नकोस. त्यांनी वहिनीसाठी विचार केला, नंबर शोधला, हे थोडं नाही. त्यांना सांग, भावजी, मास्टर्स राहू द्या. रविवारी दोन तास मला एक्सेल आणि डेटाबेसमधून माहिती काढायचं एसक्यूएल शिकवा. सरावाला खऱ्या बायकांची नावं वापरायची नाहीत, खोटी पन्नास नावं तयार करा, त्यात पाच सुनीता ठेवा, दोन ऱ्हस्व, तीन दीर्घ, एकीचं आडनाव माहेरचं. आणि मला त्यांतली एकच बाई शोधून दाखवा.

ते कसं जमलं ते मला लिही.

तुझी,
ताई